मेलेल्या माकडाची बातमी

पौष-माघात सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग, सावंतवाडी आणि गोव्यातल्या सत्तरीच्या बागांमध्ये कामाची घाई असते. काजूला मोहोर आलेला असतो. बी पडू लागण्याआधी झाडांखालचं रान बेणायचं, पातेरा गोळा करायचा, त्यातला थोडा गोठ्यात गुरांखाली घालायचा, थोडा भाजावळीसाठी राखून ठेवायचा. अशा वेळी बागेच्या कडेला एक माकड मरून पडलेलं दिसतं. अंगावर जखम नाही, कुत्र्यांनी फाडल्याची खूण नाही. बघणारा क्षणभर थबकतो आणि पुन्हा कामाला लागतो. फार तर वास सुटू नये म्हणून ते उचलून लांब टाकतो.

ही बातमी त्यानं कोणाला द्यायला हवी होती? माकड हा वन्यप्राणी, म्हणून वनखात्याला. पण वनरक्षक त्याचं शवविच्छेदन करू शकत नाही, ते काम पशुवैद्यकाचं. काढलेला नमुना तपासण्याची सोय पशुवैद्यकाकडे नसते, तो पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेकडे पाठवावा लागतो. आणि त्या बागेत गेल्या आठवड्यात काम केलेल्या कोणाला ताप आला आहे का, हे घरोघर फिरणाऱ्या आशाताईला माहीत असतं. महाराष्ट्रात वनखात्याच्या मदतवाहिनीचा क्रमांक १९२६ आहे, पशुसंवर्धनाचा १९६२ आणि आरोग्याचा १०४. माकड एक, क्रमांक तीन. जैविक धोक्याची पूर्वतयारी म्हटलं की आपल्याला अवकाशवीरासारखा पोशाख घातलेले शास्त्रज्ञ आठवतात. त्यांची गरज आहेच. पण तयारीची खरी परीक्षा या बागेपासून त्या प्रयोगशाळेपर्यंतच्या वाटेवर होते, आणि ती वाट चार-पाच खात्यांच्या हद्दींतून जाते.

दोडामार्गात ज्याला माकडताप म्हणतात, त्याचं पुस्तकी नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यात क्यासनूर नावाचं जंगल आहे. १९५७ साली तिथल्या गावांमध्ये लोक अचानक तीव्र तापानं आजारी पडू लागले. डोकं फुटेल असं दुखायचं, अंग इतकं मोडून यायचं की कूस बदलणं अशक्य व्हावं. काहींच्या नाकातून, हिरड्यांतून रक्त येई. गावकऱ्यांनी डॉक्टरांच्या आधीच एक गोष्ट ताडली होती. जंगलात माकडं मरत होती. त्यांनी आजाराला नावही त्यावरूनच दिलं, ‘मंगन कायिले’, माकडाचा आजार.

त्या काळी आजची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था ‘व्हायरस रिसर्च सेंटर’ या नावानं ओळखली जाई. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतलं रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून १९५२ साली पुण्यात ती उभी केली होती. माकडं मरताहेत आणि माणसं तापताहेत, हे ऐकून पुण्यातल्या मंडळींच्या पोटात गोळा आला. दक्षिण अमेरिकेतल्या जंगलात अशी माकडं मरू लागली की पीतज्वर आला असं समजतात. पीतज्वर भारतात कधीच आलेला नव्हता, पण त्याला पसरवणारा डास इथं मुबलक होता. टेलफोर्ड वर्क, हॅरॉल्ड ट्रॅपिडो, पी. के. राजगोपालन आणि त्यांचे सहकारी शिमोग्याच्या जंगलात उतरले. रुग्णांचं रक्त घेतलं, मेलेल्या माकडांचे अवयव तपासले, पाचोळ्यातून गोचिडी गोळा केल्या. विषाणू हाती लागला आणि तो पीतज्वराचा नाही हे कळलं. त्याचं नातं निघालं ते रशियात गोचिडींमुळे होणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूशी.

त्या पथकाची रचना मला या शोधाइतकीच मोलाची वाटते. डॉक्टर, कीटकशास्त्रज्ञ, प्राण्यांचे अभ्यासक आणि जंगलाची वाट दाखवणारे स्थानिक लोक एकाच तळावर राहत होते. संध्याकाळी एकाच्या हातात रुग्णांची यादी असे, दुसऱ्याच्या हातात मेलेल्या माकडांची, आणि दोन्ही याद्या एकाच नकाशावर मांडल्या जात. ‘वन हेल्थ’ हा शब्द तेव्हा कोणी वापरत नव्हतं. माणूस, जनावर आणि भोवतालचा परिसर यांचं आरोग्य एकत्र पाहायचं, एवढाच त्या शब्दाचा अर्थ, आणि शिमोग्याच्या त्या तळावर तो प्रत्यक्षात होता. त्याची किंमतही मोजावी लागली. या विषाणूवर काम करताना प्रयोगशाळेतल्या अनेकांना त्याची लागण झाली.

आता या आजाराचं चक्र थोडं सावकाश पाहू, कारण खात्यांचा सारा गुंता त्यातच आहे. विषाणूचं घर म्हणजे गोचीड, त्यातही मुख्यतः हीमाफिसालिस स्पिनिजेरा ही जात. तिची प्रौढ मादी गुरांच्या किंवा रानातल्या मोठ्या जनावरांच्या रक्तावर पोसते आणि पाचोळ्यात अंडी घालते. पावसाळा सरता सरता त्यातून डोळ्यांना जेमतेम दिसणारी पिल्लं निघतात. ती उंदीर, चिचुंद्री, जमिनीवर वावरणारे पक्षी आणि माकडं यांना चिकटतात. रक्त पिऊन झालं की गळून पडतात, कात टाकतात आणि पुढच्या अवस्थेत जातात. ही मधली, खसखशीच्या दाण्याएवढी गोचीड माणसाला चावते. तिचा सुगीचा काळ साधारण नोव्हेंबर ते मे, म्हणजे नेमका आपल्या बागांचाही.

उंदीर विषाणू अंगावर वागवतो पण फारसा आजारी पडत नाही. माकड आणि वानर मात्र त्याला बळी पडतात. त्यांच्या रक्तात विषाणू प्रचंड वाढतो आणि ती मरतात. मेलेल्या माकडाचं शरीर थंड पडलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात. त्या जागेभोवतीचा पाचोळा मग पुढचे कित्येक दिवस धोक्याचा होतो. म्हणूनच माकड मेलेल्या ठिकाणाभोवती पन्नास फुटांपर्यंत कीटकनाशक पूड धुरळण्याची पद्धत आहे. माणूस हा या साखळीचा शेवटचा दुवा. एका माणसाकडून दुसऱ्याला हा आजार होत नाही. ज्यांना लागण होते त्यांतले बहुतेक बरे होतात, काहींना आठवड्या-दोन आठवड्यांनी ताप उलटतो आणि तेव्हा मेंदूवरही परिणाम दिसू शकतो. शंभरातले तीन ते पाच रुग्ण दगावतात. विषाणूला मारणारं खास औषध नाही. वेळेवर दाखल करणं, शरीरातलं पाणी आणि रक्तदाब सांभाळणं, एवढंच वैद्यकाच्या हाती असतं.

या चक्रात गाय कुठे आहे ते पाहा. गाईला हा आजार त्रास देत नाही. पण जंगलात चरणारी गाय प्रौढ गोचिडींना पोसते आणि त्यांना गोठ्यापर्यंत आणते. म्हणजे माणसांचा ताप कमी करायचा असेल तर गुरांच्या गोचिडींचा बंदोबस्त करायला हवा. तो कोणी करायचा? पशुवैद्यकानं. त्याच्या दप्तरी मात्र या गावात रोगच नाही, कारण एकही जनावर आजारी नाही. त्यानं औषध वापरलं, गावोगाव फिरला, तर खर्च त्याच्या खात्याचा होईल आणि वाचलेला माणूस आरोग्य खात्याच्या आकड्यांत जमा होईल. वनरक्षकाचंही तसंच. त्याची नेमणूक जंगल राखण्यासाठी आहे, मेलेली माकडं मोजण्यासाठी नाही. त्यानं रोज नोंद ठेवली तर फायदा दुसऱ्याच कोणाचा. मी जितका याचा विचार करतो तितकं मला वाटतं की खात्यांत मेळ नसण्याचं कारण अधिकाऱ्यांचा अहंकार किंवा आळस हे क्वचितच असतं. पैसा एकाच्या खिशातून जातो आणि त्याचं फळ दुसऱ्याच्या ताटात पडतं, अशी व्यवस्थेचीच मांडणी आहे. बैठका घेऊन ती बदलत नाही. गोचीडनाशकासाठी लागणारा पैसा, वनरक्षकाच्या हातमोज्यांचा खर्च, नमुना बर्फात घालून पुण्याला नेणाऱ्या गाडीचं डिझेल, हे सगळं माकडतापाच्या नावानं एकाच ठिकाणी मांडलं गेलं तरच ती बदलेल.

हातमोजे हा शब्द मी सहज वापरलेला नाही. २०१२ पर्यंत हा आजार प्रामुख्यानं कर्नाटकातल्या पाच जिल्ह्यांत होता. त्या वर्षाच्या अखेरीस तो दूर दक्षिणेला, बंडीपूरच्या व्याघ्रप्रकल्पात दिसला. तिथं आजारी पडले ते मेलेली माकडं हाताळणारे, त्यांची विल्हेवाट लावणारे वनकर्मचारी. ज्यांच्याकडून पहिली सूचना मिळायची तेच पहिले रुग्ण झाले. पुढे केरळात वायनाड, मलप्पुरम आणि तामिळनाडूत निलगिरी अशा ठिकाणी विषाणू सापडत गेला. २०१५ मध्ये तो गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, पाली गावात आला. सत्तरीला लागूनच महाराष्ट्राची हद्द आहे.

२०१६ च्या जानेवारीत दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात माकडं मरू लागली आणि माणसं तापू लागली. महाराष्ट्रातला हा पहिला उद्रेक. त्या हंगामात शंभराहून अधिक जणांना लागण झाल्याचं प्रयोगशाळेत सिद्ध झालं. पुढच्या वर्षी आजार सावंतवाडी तालुक्यात, बांद्याच्या परिसरात पसरला. दोडामार्ग हा तीन राज्यांच्या सांध्यावरचा तालुका. इथला गंभीर रुग्ण पिढ्यान्‌पिढ्या बांबोळीला, गोवा वैद्यकीय महाविद्यालयात जातो, कारण ते जवळ पडतं. नमुने पुण्याला जातात, त्या वर्षांत मणिपालच्या विषाणू संशोधन केंद्राचीही मदत झाली. लस बंगळुरूत बनत होती. रुग्ण एका राज्यात, तपासणी दुसऱ्या ठिकाणी आणि लस तिसऱ्या राज्यात. तेव्हा आपण ज्याला आंतरविभागीय समन्वय म्हणतो त्यात आंतरराज्य हा शब्दही जोडायला हवा. गोव्यातला २०१५ चा उद्रेक ही सिंधुदुर्गासाठी वर्षभर आधी आलेली सूचनाच होती. विषाणूला चेकनाका नसतो. पण साथरोगाची आकडेवारी राज्यवार ठेवली जाते, आणि राज्याची सीमा आली की नकाशावरचा रंग संपतो.

लशीची गोष्ट वेगळी सांगण्यासारखी आहे. कर्नाटकात १९९० पासून कोंबडीच्या गर्भपेशींवर विषाणू वाढवून, तो फॉर्मालिननं निष्प्रभ करून बनवलेली लस टोचली जात होती. माणसांसाठीची ही लस तयार होत असे ती बंगळुरूत हेब्बाळ इथल्या पशुआरोग्य संस्थेत. म्हणजे जनावरांची संस्था माणसाची लस बनवत होती. सहकार्याचा हा चांगला नमुना वाटतो, आणि काही काळ तो तसा होताही. पण लशीला मर्यादा होत्या. महिन्याच्या अंतरानं दोन डोस, मग सहा ते नऊ महिन्यांनी बूस्टर आणि पुढे दरवर्षी एक, असं तिचं वेळापत्रक होतं. टोचल्यावर दुखे, म्हणून लोक दुसऱ्या डोसला येत नसत. २००५ ते २०१० या काळातल्या आकडेवारीवरून केलेल्या अभ्यासात दोन डोसांची परिणामकारकता सुमारे ६२ टक्के आणि बूस्टरनंतर ८३ टक्के आढळली. अखेर २०२२ मध्ये कर्नाटकानं ही लस देणं थांबवलं. तीस वर्षांहून जास्त काळ मुळात फारसा बदल न होता एकच लस वापरली गेली. माझ्या मते ही त्या संस्थेची एकटीची चूक नव्हे. आजार गरीब माणसाचा, जंगलातला आणि मोजक्या जिल्ह्यांतला. औषध कंपन्यांना त्यात बाजार नव्हता आणि दिल्लीला त्यात घाई नव्हती. आता भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं इंडियन इम्युनॉलॉजिकल्स या कंपनीबरोबर नव्या लशीचं काम हाती घेतलं आहे. ती मिळेपर्यंत पूर्ण बाह्यांचे कपडे, पायांत बूट आणि अंगाला लावायचं तेल, यांवरच भिस्त आहे.

त्या तेलातही एक सहकार्य दडलेलं आहे. कर्नाटकात वाटलं जाणारं डेपा तेल ज्या रसायनापासून बनतं, ते संरक्षण संशोधन संघटनेच्या ग्वाल्हेरच्या प्रयोगशाळेनं विकसित केलं. डासा-किड्यांपासून जवानांचं रक्षण व्हावं म्हणून घडवलेली वस्तू आज सुपारीच्या बागेत काम करणाऱ्या बाईच्या पोटऱ्यांना लागते. तपासणीतही असंच घडलं. राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था आणि गोव्यात उत्पादन करणारी मोलबायो ही खासगी कंपनी यांनी मिळून या विषाणूसाठी ट्रूनॅट यंत्रावर चालणारी चाचणी तयार केली. हे छोटं यंत्र तालुक्याच्या दवाखान्यातही चालू शकतं. नमुना पुण्याला जाऊन अहवाल येईपर्यंतचे दिवस वाचवणं म्हणजे त्या दिवसांत आणखी कोणी त्याच बागेत पाऊल टाकणार नाही याची खबरदारी घेणं.

सगळं सहकार्य असं सुखाचं नसतं. रशियातल्या विषाणूशी नातं दिसल्यावर १९५०च्या दशकाच्या शेवटी एक शंका पुढे आली होती. सायबेरियातून येणारे पक्षी तर या गोचिडी आणत नसतील? तिचा छडा लावायला सलीम अली आणि मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं स्थलांतरित पक्ष्यांच्या पायांत कड्या अडकवू लागली. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थलांतराची आपली कितीतरी माहिती या तापाच्या पोटातून जन्माला आली. पक्ष्यांचा तर्क सिद्ध झाला नाही. पुढे या कामाला अमेरिकी लष्कराच्या एका प्रकल्पातून पैसा मिळू लागला, आणि इथं ठिणगी पडली. १९७४-७५ मध्ये संसदेच्या लोकलेखा समितीनं परदेशी सहभागाच्या अशा संशोधनांची झडती घेतली. पक्ष्यांमधून रोग कसा पसरतो हे परकीय लष्कराला का जाणून घ्यायचं आहे, हा प्रश्न रास्त होता. पक्ष्यांवर काम करणाऱ्या अभ्यासकांचा हेतू शुद्ध असला तरी पैसा कोणाचा, माहिती कुठे जाणार, नमुने कोणाच्या ताब्यात, हे आधी स्पष्ट नसेल तर चांगलं कामही संशयाच्या सावलीत जातं. आजही विषाणूचे नमुने देशाबाहेर पाठवण्यावर कडक निर्बंध आहेत, आणि ते असायला हवेत असं माझं मत आहे.

विश्वासाचा दुसरा पदर गावातला. २०१८-१९ च्या हंगामात शिमोगा जिल्ह्यातल्या सागर तालुक्यात, अरळगोडू परिसरात मोठा उद्रेक झाला. माकडं मरत असल्याचं लोक सांगत होते आणि मदत उशिरा पोहोचली म्हणून लोकांत संताप होता. गावकरी हे या साखळीतलं सगळ्यात संवेदनशील यंत्र आहे, पण त्यानं दिलेल्या खबरीचं पुढे काय झालं हे त्याला कळलं नाही तर पुढच्या वर्षी तो खबर देत नाही. आपण त्याला सांगतो, जंगलात जाऊ नका, पातेरा आणू नका. मग गुरांखाली काय घालायचं? बागेत गेलं नाही तर वर्षाचा पैसा कुठून आणायचा? कृषी खातं, रोजगार हमीची कामं बघणारे, काजू खरेदी करणाऱ्या सहकारी संस्था यांना माकडतापाच्या बैठकीला बोलावल्याचं मी क्वचितच ऐकतो. खरं तर गोठ्यात पातेऱ्याऐवजी भाताचं तूस किंवा पेंढा पुरवता येईल का, हा प्रश्न डॉक्टरांपेक्षा त्यांच्या अखत्यारीतला आहे. बंगळुरूच्या अशोका ट्रस्टसह अनेक संस्थांनी अलीकडे केलेल्या अभ्यासात आरोग्य, पशुसंवर्धन आणि वनखात्याच्या लोकांना सोबत बसवून धोक्याचे नकाशे तयार केले गेले. त्यातून दिसलं ते असं की घनदाट, अखंड जंगलापेक्षा जंगल, बागा आणि गुरांची वस्ती जिथं एकमेकांत मिसळते तिथं धोका जास्त. सिंधुदुर्गाचा माणूस हे वाचून आपल्याच वाडीचं वर्णन केलंय असं म्हणेल.

देशपातळीवर आता पावलं पडताहेत. राष्ट्रीय वन हेल्थ मिशन सुरू झालं आहे, नागपूरला राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये राजस्थानात अजमेरला ‘विषाणू युद्ध अभ्यास’ नावाची पाच दिवसांची रंगीत तालीम झाली. प्राण्यांतून माणसात आलेल्या एका काल्पनिक विषाणूचा उद्रेक रचला आणि मानवी आरोग्य, पशुसंवर्धन आणि वन्यजीव या तिन्ही बाजूंची माणसं एकत्र मैदानात उतरवली. कोणाला कोणाचा फोन लागत नाही, नमुना कुठे अडकतो, हे खरा रुग्ण मरण्याआधी कळणं यातच अशा तालमीचं मोल. आपल्याकडे अग्निशमन दलाची तालीम होते, निवडणुकीची होते. माकडतापाची तालीम दोडामार्ग, सत्तरी आणि खानापूर या तीन राज्यांतल्या तीन तालुक्यांनी मिळून दर ऑक्टोबरात, गोचिडी चावू लागण्याच्या आधी, का करू नये? तिला फार पैसा लागत नाही. एक पशुधन विकास अधिकारी, एक वनपाल, प्राथमिक आरोग्य केंद्राचा एक डॉक्टर, दोन-चार आशाताई, पोलीस पाटील आणि एक दिवस. बुजगावण्याचं माकड केलं तरी चालेल.

तोवर तुमच्या हातात आहे ते करा. सह्याद्रीच्या या पट्ट्यात नोव्हेंबर ते मे या काळात माकड किंवा वानर मरून पडलेलं दिसलं तर त्याला हात लावू नका, पुरू नका, जाळू नका. जागा नीट लक्षात ठेवा, मुलांना आणि गुरांना तिकडे जाऊ देऊ नका. वनखात्याच्या १९२६ वर फोन करा आणि त्याच दिवशी गावच्या आशाताईलाही सांगा. बागेतून आल्यावर गरम पाण्यानं अंघोळ करा, कपडे धुवायला टाका, अंगावर गोचीड आहे का ते पाहा. पुढच्या पंधरा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता स्वतःहून सांगा की मी बागेत होतो आणि तिथं माकड मेलं होतं.